चिखलदरा : दोन दिवस, पाच माणसे, साडेतीन तिकिटे



आपल्या घरात प्रवास कशाकशासाठी होतो, हे एकदा बोटांवर मोजून पाहा. लग्न, मयत, दवाखाना, कोर्टाची तारीख, मुलांचा प्रवेश आणि वर्षातून एकदा दीक्षाभूमीची फेरी. ही सर्व कामे गरजेचीच आहेत, त्यातील एकही टाळता येत नाही. परंतु 'थकलो आहोत, दोन दिवस शांतपणे कोठेतरी जाऊन बसू' म्हणून आपल्यापैकी किती कुटुंबे घराबाहेर पडली असतील? अशी गोष्ट काढली की घरातीलच एखादा वडीलधारा म्हणतो, "काहाले पैशाची नासाडी? काय ठेवलं हाय तिथं?"

म्हणून या वेळी सहलीविषयी लिहीत आहे. मोठ्या सहलीविषयी नव्हे, आपल्या दाराशी असलेल्या चिखलदऱ्याविषयी.

अचलपूर, अंजनगाव, अकोट या पट्ट्यात राहणाऱ्यांना उत्तरेकडे पाहिले की गाविलगडचे डोंगर दिसतात. आपल्या बापजाद्यांनी त्या डोंगराकडे पाहतच कापूस वेचला, निंदण केले. मे महिन्यात अमरावती-अकोल्याचा पारा ४५ अंशांकडे जातो आणि पत्र्याच्या घरात जीव नकोसा होतो, तेव्हा सुमारे अकराशे मीटर उंचीवर वसलेले हे गाव आपल्यापासून एका दिवसाच्या आत-बाहेर असते. कॅप्टन रॉबिन्सन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ साली ही जागा हेरली आणि साहेब लोकांनी येथे उन्हाळ्यासाठी बंगले बांधले. साहेब गेले त्याला पाऊणशे वर्षे झाली. तरीही 'थंड हवेचे ठिकाण म्हणजे पैसेवाल्यांचे ठिकाण' ही समजूत मात्र आपल्या मनातून गेलेली नाही.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडचे लोक चिखलदऱ्याला जातातच की! बरोबर आहे, जातात. पण कोण जाते? पुरुष जातात. श्रावणातल्या रविवारी चार मित्र मोटारसायकली काढतात, घाटातल्या गर्दीत अडकतात, एखाद्या पॉइंटवर बाटली उघडतात आणि रात्री उशिरा घरी येतात. दुसऱ्या दिवशी खाडा पडतो तो वेगळाच. घरातील बाईला चिखलदऱ्याची माहिती एवढीच, की तेथून आलेले कपडे चिखलाने भरलेले असतात आणि ते तिला धुवावे लागतात.

आमच्या ओळखीच्या एक बाई अकोल्यात दालमिलमध्ये कामाला जात. त्यांचे यजमान सहा-सात वेळा चिखलदऱ्याला जाऊन आलेले, बाई पन्नाशी उलटेपर्यंत एकदाही नाही. मुलगी नोकरीला लागली तेव्हा तिने आईवडिलांना जानेवारीतल्या एका मंगळवारी तिकडे नेले. परत आल्यावर आम्ही विचारले, "काय काय पाहिलं, बाई?" त्या म्हणाल्या, "लय नाही पाहलं. सकाळी दोन घंटे एका दगडावर बसून होती. कोणी मले चहा मांगतला नाही." या उत्तरावर आम्ही सारे हसलो आणि लगेच गप्पही झालो. त्या बाईंच्या तीस वर्षांच्या संसारात कोणी काही मागितले नाही असे ते पहिलेच दोन तास होते.

तेव्हा माझी पहिली सूचना ही, की सहलीची आखणी घरातील बाईच्या हाती द्यावी. कधी जायचे, कोठे बसायचे, किती चालायचे हे तिने ठरवावे. तिला नुसते सोबत नेऊन तेथेही स्वयंपाकाला लावायचे असेल तर ती सहल नव्हे, बदलीच्या जागी ड्युटी झाली.

आता दिवस कोणते निवडावे? पावसाळ्यात धबधबे आणि धुके असते हे खरे, पण शनिवार-रविवार आणि पंधरा ऑगस्टला घाटात वाहनांच्या रांगा लागतात. धुके दाट असेल तर समोरची दरीदेखील दिसत नाही. ज्यांना शांतता हवी आहे त्यांनी दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ निवडावा आणि तोही सोमवार ते गुरुवार. हवा स्वच्छ असते, दरी खोलवर दिसते, खोलीचे भाडेही गर्दीच्या दिवसांपेक्षा साधारणपणे कमी पडते. मुलांची शाळा बुडू नये म्हणून दिवाळीच्या सुटीतले शेवटचे दिवस सोयीचे. थंडी मात्र कडक असते, पारा एकेरी आकड्यावर उतरतो. म्हाताऱ्या माणसांसाठी कानटोपी, पायमोजे आणि एक जादा चादर विसरू नका.

जाण्यासाठी आपली एस.टी. बरी. अमरावतीहून परतवाडामार्गे चिखलदरा सुमारे ८५ किलोमीटर आहे. अकोल्याकडच्यांनी अकोट, अंजनगाव, पथ्रोट या रस्त्याने परतवाड्याला यावे आणि तेथून गाडी बदलावी. परतवाड्याहून धामणगाव गढीचा रस्ता जवळचा, घटांगचा लांबचा पण जंगलातला. घाटात ज्यांना मळमळते त्यांनी पोटभर जेवून बसू नये, आवळासुपारी जवळ ठेवावी.

भाड्याचा हिशेब मी कारकुनाच्या सवयीने मांडून दाखवतो. एक कुटुंब धरा : नवरा, बायको, अडुसष्ट वर्षांची आजी, चौदा वर्षांचा मुलगा आणि दहा वर्षांची मुलगी. मार्च २०२३ पासून राज्यात सर्व महिलांना एस.टी.त अर्धे भाडे आहे, म्हणून बायकोचे अर्धे आणि आजीचेही अर्धे. मुलगी पाच ते बारा वर्षांतली, तिचेही अर्धेच. नवरा आणि मोठा मुलगा यांचे पूर्ण. म्हणजे पाच माणसांना साडेतीन तिकिटे! घरात पंचाहत्तरी ओलांडलेले आजोबा असतील तर ऑगस्ट २०२२ पासून त्यांना प्रवास मोफत आहे, आणि पासष्ट ते पंचाहत्तर वयाचे असतील तर अर्धे भाडे. फक्त आधार कार्ड सोबत असू द्या, नाहीतर कंडक्टरशी हुज्जत घालण्यात घाट संपायचा.

मुक्काम एक रात्रीचा तरी करावाच. सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याला चिखलदऱ्याचे हॉटेल दिसते, चिखलदरा दिसत नाही. पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आहे, खाजगी लॉजही पुष्कळ आहेत. फोनवर तीन गोष्टी विचारून घ्या : भाडे खोलीचे की माणशी, सकाळी गरम पाणी मिळेल का, आणि जादा अंथरुणाचे पैसे वेगळे आहेत का. दोन कुटुंबे मिळून गेलात तर तेथे फिरायचे वाहन अर्ध्या खर्चात पडते. वाहनवाल्याशी बोलताना कोणकोणती ठिकाणे दाखवणार हे आधी ठरवा, एका कागदावर लिहून घ्या आणि मगच बसा. रोख पैसे जवळ ठेवा, कारण डोंगरात मोबाईलची रेंज सगळीकडे मिळत नाही.

पहिल्या दिवसाचे जेवण घरून न्यावे. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या उत्तम टिकतात. ते बांधायला घरातील पुरुषांनी आणि मुलांनी हात लावावा. दुसऱ्या दिवशी मात्र खानावळीत जेवावे, त्यात काटकसर करू नये. बाईने वाढलेल्या ताटावर बसणे हाच या सहलीतला मोठा खर्च आणि मोठी कमाई आहे. वाटेत मोथा गाव लागते. तेथील गवळी कुटुंबांचा खवा आणि रबडी प्रसिद्ध आहे. अलीकडे त्या भागात स्ट्रॉबेरीही पिकवतात. हिवाळ्यात गेलात तर मुलांना शेतातली स्ट्रॉबेरी दाखवा.

पाहायचे काय? सगळे पॉइंट एका दिवसात उरकण्याचा हट्ट धरू नका. देवी पॉइंट, पंचबोल, भीमकुंड, शक्कर तलाव यांतली दोन-तीन ठिकाणे पुरेत. दर्यापूरकडच्या वाचकांनी देवी पॉइंट अवश्य पाहावा, कारण त्यांच्या गावावरून वाहणारी चंद्रभागा नदी याच डोंगरात उगम पावते. पंचबोलला मुलांना ओरडू द्या. दरी त्यांचा आवाज पुन्हा पुन्हा परत करते. त्याच बाजूला कॉफीची झाडे आहेत. कॉफी पाकिटात होत नाही, झाडाला लागते, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले बरे.

गाविलगड किल्ल्यासाठी मात्र अर्धा दिवस राखून ठेवा. गावापासून तीनेक किलोमीटरवर तो आहे. बहामनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५ मध्ये तो बांधला, पुढे १४८८ मध्ये इमादशाहीच्या फतेहउल्लाने त्याची डागडुजी केली. दिल्ली दरवाजावरची दोन तोंडांच्या गंडभेरुंड पक्ष्याची कोरीव आकृती मुलांना शोधायला सांगा. याच किल्ल्यावर १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने हल्ला चढवला. नागपूरकर भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंह लढता लढता पडला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह होऊन वऱ्हाडाचे नशीब बदलले. हाच वेलस्ली १८१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियनला हरवून जगभर गाजला. शाळेच्या पुस्तकात वॉटर्लू वाचणाऱ्या आपल्या मुलांना, त्याच्या आधी बारा वर्षे तो सेनापती आपल्या डोंगरावर तोफा चढवीत होता हे कोणी सांगितलेले नसते. किल्ल्यात पाणी सोबत न्यावे, एकट्याने आडबाजूला जाऊ नये आणि उन्हे उतरण्याआधी बाहेर पडावे. भोवती मेळघाटचे जंगल आहे. महाराष्ट्रातला हा पहिला व्याघ्र प्रकल्प, १९७४ साली झालेला.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. हा मुलूख कोरकू लोकांचा आहे. ते पाड्यावर काम करताना, डोक्यावर मोळी घेऊन जाताना दिसतात, तेव्हा सहलीला आलेले लोक न विचारता मोबाईल समोर धरतात, लेकराला बिस्कीट दाखवून नाचायला सांगतात. आपल्या वस्तीत कोणी मोटारीतून येऊन, न विचारता आपल्या चुलीचा फोटो काढला तर आपल्याला कसे वाटेल? तसेच त्यांना वाटते. कोरकू भाषा ही मराठी-हिंदीच्या कुळातली नाही. ती मुंडा गटातली आहे आणि तिचे दूरचे नाते कंबोडियातल्या ख्मेर व व्हिएतनामी भाषांशी लागते. ज्यांना शहरातला माणूस 'अडाणी' म्हणून मोकळा होतो, त्यांच्या तोंडी एवढी जुनी भाषा आहे. त्यांच्याकडून काही विकत घ्या, भावात घासाघीस करू नका, मुलांना 'दादा', 'मावशी' म्हणायला शिकवा. याच मेळघाटात कुपोषणाने बालके दगावल्याच्या बातम्या १९९० च्या दशकात देशभर गेल्या होत्या. तो प्रश्न संपलेला नाही, हेही हवापालट करताना लक्षात असावे.

राहिला पैशाचा प्रश्न. सहलीसाठी कर्ज काढू नये, बचत गटातूनही नाही. घरात एक डबा ठेवा. आठवड्याला ७५ रुपये टाकले तर ५२ आठवड्यांत ३,९०० रुपये जमतात. पानतंबाखूतून तेवढे सहज वाचतात, हे मी न सांगताही तुम्हाला ठाऊक आहे. डब्याची किल्ली बाईकडे असावी. रोजंदारीवर काम करणाऱ्यांनी बुडालेली दोन दिवसांची मजुरीही खर्चात धरावी, म्हणजे नंतर चिडचिड होत नाही. ज्यांना पगारी रजा आहे त्यांनी ती साहेबांच्या मर्जीवर न सोडता पंधरा दिवस आधी लेखी अर्ज द्यावा. अर्जात कारण 'कौटुंबिक सहल' असेच लिहावे, 'प्रकृती अस्वास्थ्य' लिहू नये. विश्रांती घेण्यात चोरी कसली?

आणि दारू सोबत नको, मोठ्या आवाजाचा स्पीकर नको. दोन्ही नसले म्हणजे चिखलदऱ्याला काय ऐकू येते ते कळेल.

या दिवाळीनंतर कोणती तारीख, हे आज जेवताना घरात विचारा. उत्तर मात्र आधी घरातील बाईला देऊ द्या. बाकीच्यांनी तोवर गप्प बसावे.