अंगठा उठवण्याआधी वकील गाठा!

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. म्हण खोटी नाही. दिवाणी दाव्यात दोन-दोन पिढ्या खर्ची पडलेली घरे पैनगंगेच्या दोन्ही काठांवर आहेत. पण भीमपूर मंडलातल्या आपल्या मराठी माणसाने या म्हणीचा भलताच अर्थ घेतला आहे. कोर्टाची पायरी नको म्हणून तो वकिलाचीही पायरी चढत नाही. मग नोटीस येते, तारीख उलटते, एकतर्फी निकाल लागतो आणि हा गडी कागदांची पिशवी घेऊन आदिलाबादला धावतो. तेव्हा वकिलाच्या हातात फारसे काही उरलेले नसते. वकिलाकडून तासभर कागद वाचून घेणे वेगळे आणि कोर्टात दावा लढणे वेगळे. पहिले वेळेवर केले तर दुसरे पुष्कळदा टळते.

आपली अडचण इतरांपेक्षा थोडी जास्तच आहे. 1956 साली किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेले, आपण इकडेच राहिलो. आंध्र प्रदेश झाला, 2014 साली तेलंगणा झाले, 2016 च्या जिल्हा पुनर्रचनेत तामसीतून भीमपूर मंडल वेगळे निघाले. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. आपल्या घरात मात्र बोलणे मराठीत, कागद तेलुगूत आणि आजोबांच्या पेटीतला जुना दस्त उर्दूत! तिन्ही वाचू शकणारा माणूस आता गावात शोधून सापडत नाही. म्हणून जो समोर बसलेला असतो तो जे सांगेल ते खरे मानून आपण सही करतो. समोर बसलेला बहुतेक वेळा सावकार, व्यापारी किंवा जमीन घेणारा असतो, हे कोणी लक्षात घेत नाही.

सुरुवात जमिनीपासून करू, कारण निम्मी भांडणे तिथलीच. साध्या कागदावर किंवा स्टॅम्प पेपरवर चार साक्षीदारांसमोर लिहिलेल्या बैनाम्याने जमिनीची मालकी येत नाही. शंभर रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या जमिनीचे खरेदीखत नोंदवलेच पाहिजे, असे कायदा सांगतो. मुखत्यारपत्रावर 'विकत' घेतलेल्या जमिनीनेही मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली स्पष्ट केले. तेलंगणा सरकारने 'धरणी' गुंडाळून 14 एप्रिल 2025 पासून 'भूभारती' आणली. तिच्यात जुने साधे बैनामे नियमित करण्याची सोय आहे, पण ती 12 ऑक्टोबर ते 10 नोव्हेंबर 2020 या काळात अर्ज केलेल्यांसाठी आहे. 'होईल कधीतरी नियमित' अशा भरवशावर आज कोणी साधा बैनामा करत असेल तर तो पैसा पैनगंगेत सोडतो आहे. 'धरणी'च्या काळात चुकलेल्या नोंदीसाठी थेट दिवाणी कोर्ट गाठावे लागे. आता महसूल अधिकाऱ्यांकडे अपिलाची वाट पुन्हा उघडली आहे. ही वाट मुदतीची असते. पासबुकातले नाव किंवा क्षेत्र चुकीचे दिसले की पुढच्या हंगामाची वाट पाहत बसू नये.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट आहे. गाव अनुसूचित क्षेत्राच्या यादीत असेल तर तिथली जमीन बिगर-आदिवासी माणसाला घेता येत नाही. 1959 चा विनियम आणि त्यातली 1970 ची दुरुस्ती, म्हणजे ज्याला सगळे 'वन ऑफ सेव्हंटी' म्हणतात, तिने बिगर-आदिवासी माणसाने दुसऱ्या बिगर-आदिवासीला विकणेही बंद केले. गोंड, कोलाम बांधवांच्या हातातून जमीन जाऊ नये म्हणून तो कायदा आहे आणि तो योग्यच आहे. त्यातून पळवाट काढून देतो म्हणणाऱ्या दलालापासून दूर राहावे. व्यवहार बेकायदेशीर ठरला की पैसाही जातो आणि जमीनही. इसार देण्याआधी गाव यादीत आहे की नाही एवढे जरी वकिलाला विचारले तरी फी वसूल झाली.

दुसरे दुखणे बहिणींच्या वाट्याचे. नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात दिलेल्या मुली माहेरच्या जमिनीत हक्क सांगू लागल्या की 'हे नवीनच काय काढले' असे भाऊ म्हणतात. नवीन काही नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्माने हक्क देण्याची दुरुस्ती आंध्र प्रदेशाने 1986 साली केली आणि ती 5 सप्टेंबर 1985 पासून लागू केली, तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींसाठी. महाराष्ट्राला त्यासाठी 1994 साल उजाडले. पुरोगामी म्हणवणाऱ्या महाराष्ट्राच्या आधी हा हक्क आपल्या बाजूला आला होता, हे किती जणांना ठाऊक आहे? पुढे 9 सप्टेंबर 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने तो देशभर आला आणि वडील त्या दिवशी हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी सांगितले. (आदिवासी कुटुंबांना हा कायदा थेट लागू होत नाही, त्यांनी वेगळा सल्ला घ्यावा.) भाऊबिजेला साडी देऊन स्टॅम्पवर घेतलेली हक्कसोड नोंदवलेली नसेल तर कोर्टात टिकत नाही. नोंदवलेली असेल तर मात्र मागे फिरणे फार कठीण. म्हणून बहिणींनीही सही करण्याआधी आपला स्वतःचा वकील विचारावा. भावाने आणलेला नव्हे! आणि सगळे हिस्सेदार यवतमाळला राहत असले तरी भीमपूरच्या जमिनीच्या वाटणीचा दावा जमीन जिथे आहे तिथल्याच कोर्टात चालतो, हेही ध्यानात असावे.

तिसरी गोष्ट उधारीची. पेरणीच्या तोंडावर बियाणे-खतासाठी पैसे घेताना कोरी प्रॉमिसरी नोट किंवा कोरा चेक सही करून देण्याची रीत आपल्याकडे पडली आहे. तिकीट लावलेल्या कोऱ्या नोटेवर सही केली की, तिकिटाला चालेल एवढी रक्कम भरण्याचा अधिकार समोरच्याला कायदाच देतो. नंतर 'मी एवढे घेतलेच नव्हते' हे सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर येते. चेक परत गेला तर सावकाराने तीस दिवसांत नोटीस द्यायची असते आणि ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरले तर फौजदारी खटला होत नाही. पोस्टमनकडून नोटीस न घेता परत पाठवणारे शहाणे हे पंधरा दिवस असेच घालवतात. जामीन राहणाऱ्यांचेही तेच. मित्राच्या कर्जाला सही केली म्हणजे त्याच्याइतकेच देणे आपल्या डोक्यावर आले. बँक आधी त्याला गाठेल असे नाही, ती सरळ तुमच्या दारात येऊ शकते.

म्हणून कोर्टाचा कोणताही कागद हातात पडला की त्याच आठवड्यात वकिलाकडे जावे. दाव्यात उत्तर देण्याची मुदत तीस दिवसांची, ती फार तर नव्वदपर्यंत ताणता येते. एकतर्फी हुकूमनामा रद्द करायचा तर पुन्हा तीस दिवस. पोलिसांनी कोणाला उचलले तर आठवडाही थांबू नये, त्याच दिवशी जावे. चोवीस तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करणे पोलिसांवर बंधनकारक आहे. गुन्हा नदीपलीकडे घडला म्हणून फिर्याद घेत नाही, असे 1 जुलै 2024 पासून कोणत्याही ठाण्याला म्हणता येत नाही.

प्रत्येक गोष्टीला वकील हवा असेही नाही. जन्माचा दाखला, पेन्शनचा अर्ज, माहितीचा अधिकार, बांधाच्या मोजणीचा अर्ज ही कामे मी-सेवा केंद्रात किंवा तहसीलमध्ये स्वतः करावीत. तिथे 'साहेबांना सांगून करून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देणे म्हणजे मूर्खपणा.

फीची भीती खरी आहे. पण महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि कोठडीतले यांना 1987 च्या विधी सेवा कायद्याखाली उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. गरीब असलेल्या इतरांनाही तो मिळतो. आदिलाबादच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज द्यावा किंवा 15100 वर फोन करावा. लोकअदालतीत तडजोड करताना मात्र कागद नीट समजून घ्यावा, कारण तिथल्या निवाड्यावर अपील नाही.

आता मुद्दा पुढाऱ्यांचा. मते मागायला येताना सगळे पक्ष आपल्या गावात अस्खलित मराठी बोलतात. निवडून आले की कागद तेवढा तेलुगूत येतो. तेलुगूशी आमचे भांडण नाही, आमची मुले ती शाळेत शिकतात आणि शिकावीच. पण राज्यघटनेच्या 350 व्या कलमाने कोणत्याही नागरिकाला आपल्या भाषेत गाऱ्हाणे मांडता येते आणि जिथे भाषिक अल्पसंख्याक 15 ते 20 टक्के आहेत तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असे केंद्राने 1956 सालीच राज्यांना कळवले होते. त्या आधारावर आपल्या मंडळाने तीन गोष्टी मागाव्यात: भीमपूर तहसीलमध्ये भूभारतीच्या सूचना मराठीतही लावाव्यात, विधी सेवा प्राधिकरणाच्या स्वयंसेवकांत मराठी जाणणारी माणसे असावीत, आणि नोंदणीच्या वेळी दस्तातला मजकूर पक्षकाराला मराठीत वाचून दाखवावा. मराठी या जिल्ह्यात चालते की नाही असा प्रश्न कोणी साहेब विचारील, तर त्यांना बाजाराच्या दिवशी घेऊन यावे. निवेदन मराठीत लिहावे, सोबत तेलुगू भाषांतर जोडावे आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नये.