संदर्भांचे वय

गेल्या महिन्यात बडोद्यातील आमच्या शेजारघरी बहीणभावांत वाद झडला. ताई वनस्पतिशास्त्रात संशोधन करते, धाकटा संगणकशास्त्रात. ‘संदर्भ फार जुने’ एवढाच शेरा घेऊन ताईचा निबंध परत आला होता. धाकटा म्हणाला, “ताई, तुझ्या यादीत सगळी स्वर्गवासी मंडळीच दिसतात!” मुलीचे डोळे पाणावले, तेव्हा आम्हांस मध्ये पडणे भाग पडले.

त्या यादीत मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील कुकसाहेबांचा ग्रंथ (१९०१ ते १९०८) होता, हूकरचे खंड होते, आणि १७५३ सालचा लिनियसही होता. वाचकहो, वनस्पतीचे नाव निश्चित करताना ते प्रथम कोणी व कधी प्रसिद्ध केले हे पाहावे लागते, आणि ही गणना १७५३ पासूनच सुरू होते. तेथे लिनियसला वगळणे म्हणजे सातबारा न पाहता जमीन घेणे होय.

१९६० साली बर्टन व केबलर या अभ्यासकांनी किरणोत्सर्गाच्या परिभाषेतून ‘अर्धायुष्य’ हा शब्द उसना घेतला. एखाद्या विषयातील निम्मे संदर्भ जितक्या वर्षांच्या आतले असतात, तितके त्या विषयाचे अर्धायुष्य. त्यांच्या हिशेबात धातुविषयक अभियांत्रिकीचे ३.९ वर्षे भरले, पदार्थविज्ञानाचे ४.६, उलट वनस्पतिशास्त्राचे १०, गणिताचे १०.५ आणि भूशास्त्राचे ११.८. सर्वांना एकच गज लावणारे परीक्षक हे आकडे पाहत नसावेत, असे आम्हांस वाटते.

शिवाय शोधनिबंधांची संख्या दर दहापंधरा वर्षांनी दुप्पट होत आली, हे डेरेक प्राइस यांनी दाखवून दिले. नव्यांचीच संख्या एवढी, तेव्हा याद्यांत त्यांची गर्दी होणारच. त्यावरून जुने निरुपयोगी ठरत नाही. मेंडेलचा वाटाण्यांवरील निबंध १८६६ साली छापून आला, आणि १९०० पर्यंत त्याकडे फारसे कोणी वळूनही पाहिले नाही!

धाकट्याचेही अगदीच चुकले नव्हते. त्याच्या क्षेत्रात पाच वर्षांपूर्वीची रीत पुष्कळदा टाकून दिलेली असते. तरी ताईने त्याची यादी चाळून शॅननचा १९४८ चा निबंध शोधून काढलाच, तेव्हा स्वारी गप्प झाली.

जनुकीय वर्गीकरणावरील अलीकडचे दोन निबंध ताईकडून खरोखरच राहिले होते. ते तिने घातले. बाकीच्या प्रत्येक जुन्या संदर्भापुढे तो का हवा हे एकेका ओळीत लिहून निबंध पुन्हा रवाना केला आहे. उत्तर अजून यावयाचे आहे.