‘कालबाह्य’ कोण? लिल वेन आणि मिक्सटेपचा घाट

अमेरिकन रॅपविषयीच्या समीक्षेत गेली काही वर्षे एकच प्रश्न निरनिराळ्या वेशांत पुन्हा पुन्हा उभा केला जातो. अमुक एक ज्येष्ठ रॅपर आज ‘प्रस्तुत’ उरला आहे काय? हा प्रश्न सर्वाधिक वेळा ज्याच्याविषयी विचारला गेला त्यांत लिल वेन याचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १९८२ साली न्यू ऑर्लिन्स येथे जन्मलेला, पंधरा-सोळाव्या वर्षीच ध्वनिमुद्रिकांवर झळकलेला हा कलावंत २००८ मध्ये ‘द कार्टर ३’ या संग्रहाच्या दहा लाखांहून अधिक प्रती एका आठवड्यात खपवून बसला. २००९ मध्ये त्याच संग्रहाला ग्रॅमी मिळाले. त्यानंतर त्याची प्रत्येक नवी मिक्सटेप आली की समीक्षक नाडीपरीक्षेला बसतात. निदान दोनच ठरलेली असतात : ‘जुना वेन परतला’ किंवा ‘जुना वेन संपला’. दोहोंतही मिक्सटेप वाचलेली नसते. रोग्याचे वय तेवढे मोजलेले असते.

‘प्रस्तुतता’ हा वाङ्मयीन निकष नव्हे, ही गोष्ट वस्तुतः सांगावी लागू नये. तो बाजाराचा निकष आहे. किती ऐकले गेले, कोणत्या यादीत कितव्या स्थानी आले, कोणत्या सोहळ्यास निमंत्रण मिळाले, या प्रश्नांची उत्तरे हिशेबाच्या वहीत मिळतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू ऑर्लिन्सला झालेल्या सुपर बोल सामन्याच्या मध्यंतरातील कार्यक्रमासाठी केंड्रिक लमार याची निवड २०२४ मध्ये जाहीर झाली. त्या शहराचा सुपुत्र असलेल्या वेनने आपण दुखावलो असल्याचे जाहीरपणे सांगितले, आणि कित्येक समीक्षकांनी त्या निवडीवरून त्याच्या कवित्वाचा निकाल लावून टाकला. फुटबॉलच्या मध्यंतरात कोण गातो यावरून पद्यरचनेचा कस ठरविणारी ही समीक्षा स्वतःला पुरोगामी म्हणवते, हे विशेष.

वेनच्या कैवाऱ्यांची बाजूही तितकीच लंगडी आहे. त्यांचा पहिला युक्तिवाद वारशाचा. ड्रेक आणि निकी मिनाज त्याच्याच छत्राखाली वाढले, यंग थगने २०१५ मध्ये आपल्या मिक्सटेपला ‘कार्टर ६’ असे नाव देऊ केले आणि कायद्याच्या धाकाने ते ‘बार्टर ६’ असे बदलले, म्हणून वेन थोर. हा कुलवृत्तांत झाला. दुसरा युक्तिवाद अधिक विद्वत्तापूर्ण वाटतो आणि म्हणूनच अधिक घातक आहे. अडोर्नोने १९३७ मध्ये बेथोव्हेनविषयी मांडलेली आणि एडवर्ड सईदच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या (२००६) पुस्तकाने पुन्हा चलनात आणलेली ‘उत्तरशैली’ची संकल्पना येथे सरसकट वापरली जाते. वेनच्या अलीकडच्या रचनांतील विस्कळितपणा, तुटक ओळी, विषयाविना चाललेला शब्दांचा ओघ यांना उत्तरशैलीचे भंजन म्हणावयाचे आणि मोकळे व्हावयाचे. परंतु उत्तरशैलीतील भंजनाला आधी सिद्ध झालेल्या घाटाचा ताण लागतो. बेथोव्हेन सोनाटाचा घाट मोडतो, कारण तो घाट त्याच्यासमोर उभा असतो. वेनच्या नव्या मिक्सटेपांत कोणता घाट मोडला जात आहे? हे सांगण्याची तसदी कैवाऱ्यांनी घेतलेली नाही. त्यासाठी आधी मिक्सटेपला घाट असतो हे मान्य करावे लागते.

मिक्सटेप म्हणजे केवळ फुकट वाटलेला किंवा घाईने उरकलेला संग्रह नव्हे. तिच्या ऐन भरातील काळात, म्हणजे स्थूलमानाने २००० ते २०१० या दशकात, तिचे व्यवच्छेदक लक्षण असे होते की रॅपर दुसऱ्याच्या प्रसिद्ध गाण्याची बीट, म्हणजे ठेका आणि त्यावरील वाद्यरचना, जशीच्या तशी उचलतो आणि तीवर स्वतःचे शब्द रचतो. मराठी वाचकाला यात काही अगदीच अपरिचित वाटू नये. संगीत नाटकांतील पदांच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून आधीच्या एखाद्या पदाचा उल्लेख छापलेला असे. मात्र साम्य तेथेच संपते. नाट्यपद चाल उसनी घेते, पण मूळ पदाच्या आशयाशी त्याला सहसा कर्तव्य नसते. मिक्सटेपमधील रचना मूळ गाण्याशी बोलते. श्रोत्याच्या कानांत मूळ गाणे आधीच वाजत असते आणि नवा शब्द त्या न वाजणाऱ्या गाण्यावर पडतो. हेन्री लुई गेट्सने १९८८ मध्ये कृष्णवर्णीय वाङ्मयपरंपरेतील ‘सिग्निफाइंग’चा, म्हणजे पूर्वोक्ताची भेदासह पुनरुक्ती करून त्यावर भाष्य करण्याच्या रीतीचा, जो सिद्धांत मांडला त्याचे इतके शुद्ध उदाहरण शोधून सापडणार नाही. भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर मूळ गाणे हे येथे व्यंग्यार्थाचे अधिष्ठान असते. ते उच्चारले जात नाही, पण त्याच्यावाचून उच्चारलेल्याला अर्थ येत नाही.

हे पडताळून पाहण्यास २००६ च्या ‘डेडिकेशन २’ या मिक्सटेपवरील ‘जॉर्जिया... बुश’ ही एकच रचना पुरेशी आहे. तिच्याखालचे थर मोजण्यासारखे आहेत. ‘जॉर्जिया ऑन माय माइंड’ हे होगी कारमायकल आणि स्टुअर्ट गोरेल यांचे गाणे १९३० मधले. १९६० मध्ये रे चार्ल्सने ते गायिले आणि ते त्याचेच होऊन गेले. १९७९ मध्ये जॉर्जिया राज्याने ते आपले अधिकृत राज्यगीत केले. ज्या राज्याने वर्णभेदाची कायदेशीर चौकट दीर्घकाळ जपली, त्याच राज्याने एका कृष्णवर्णीय अंध गायकाच्या आवाजाने अमर झालेले गाणे असे स्वीकारले. २००५ मध्ये लुडाक्रिस आणि फील्ड मॉब यांनी त्याच सुरांवर आपल्या राज्याचे गौरवगान रचले. त्यात सहभागी झालेला जेमी फॉक्स आदल्याच वर्षी पडद्यावर रे चार्ल्स साकारून गेला होता. आणि त्याच वर्षी, २९ ऑगस्टला, कतरिना वादळ आले, बंधारे फुटले, न्यू ऑर्लिन्सचा सुमारे ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. घरे गमावलेले हजारो लोक ह्यूस्टनला आणि अटलांटाला, म्हणजे जॉर्जियालाच, पांगले.

वेन हे गौरवगान उचलतो आणि ‘जॉर्जिया’ या शब्दापुढे ‘बुश’ हा एकच शब्द जोडतो. राज्याचे नाव डोळ्यांदेखत राष्ट्राध्यक्षाच्या नावाकडे झुकते. जेथे स्वगृहाची आठवण होती तेथे घर बुडू देणाऱ्या सत्तेवरील आरोप उभा राहतो. बंधारे का टिकले नाहीत, मदत वेळेवर का आली नाही, कोणाचे प्रेत कोणी मोजले, हे सर्व वाच्य पातळीवर आहेच. त्या वर्षी ते अनेकांनी बोलूनही दाखविले. परंतु खालचे गाणे घरी परतण्याच्या ओढीचे आहे आणि वरचे शब्द परतावयास घर नाही असे सांगतात. हा अर्थ एकाही ओळीत नाही. तो दोन गाण्यांच्या मधल्या जागेत आहे. मम्मटाच्या वर्गवारीत याला ध्वनिकाव्यच म्हणावे लागेल. या रचनेचे नुसते शब्द कागदावर उतरवून कोणी तिची परीक्षा करू म्हणेल तर त्याच्या हाती एक संतप्त पत्रक लागेल.

२००७ च्या ‘द ड्रॉट ३’ मध्ये हा विषादाचा स्वर नाही. तेथे स्पर्धा आहे. जे-झी, बियॉन्से अशा त्या काळच्या मातब्बरांच्या बीटी ओळीने घेतल्या आहेत आणि प्रत्येक ठिकाणी मालकाच्या घरात जाऊन मालकापेक्षा मोठ्याने बोलण्याचा उद्दामपणा आहे. त्यातील पुष्कळ ओळी पोकळ आहेत, स्त्रियांविषयीचे उल्लेख तर बहुशः हीन आहेत. दोन तबकड्यांच्या त्या पसाऱ्यात भरताड थोडे नाही, आणि ‘सुवर्णकाळा’ची पोथी वाचणाऱ्यांनी ते सोयिस्करपणे विसरू नये. पण भरतीच्या ओळीसुद्धा तेथे मूळ गाण्याच्या पाठीवर उभ्या असल्यामुळे निराधार वाटत नाहीत.

आता ‘डेडिकेशन ६’ (२०१७), ‘नो सीलिंग्ज ३’ (२०२०) आणि ‘द फिक्स बिफोर द सिक्स’ (२०२३) यांकडे वळावे. श्वासावरचा ताबा, यमकांची रेलचेल, एका शब्दाच्या दोन उच्चारांतून काढलेला श्लेष, हे सर्व येथेही आहे. ‘वेन थकला’ असे म्हणणाऱ्यांचे कान तपासून घ्यावे लागतील. उणीव दुसरी आहे. पहिल्या दोहोंत बीटी परक्या आहेत, पण मूळ गाणे वळविले जात नाही, फक्त वापरले जाते. बीट बदलली तरी शब्द बदलावे लागणार नाहीत, अशी स्थिती बहुतेक ठिकाणी आहे. तिसरीत तर परके गाणे असे उरतच नाही. स्वतंत्र बीटींवर रचलेला, विक्रीच्या मंचावर रीतसर मांडलेला तो एक छोटा संग्रह आहे आणि ‘मिक्सटेप’ हे त्यावरचे लेबल आहे. खालचा न वाजणारा थर गेला की श्लेष उघडा पडतो. उरते ते चित्रकाव्य : शब्दांची चमक आहे, व्यंजना नाही. हा दोष संहितेत दाखविता येतो, त्यासाठी कलावंताचा जन्मदाखला मागवावा लागत नाही.

असे का झाले, याचे उत्तर बव्हंशी वाङ्मयबाह्य आहे. १९९१ मध्ये बिझ मार्की याच्या विरोधातील खटल्यात न्यूयॉर्कच्या न्यायालयाने अनुज्ञेविना केलेली स्वरांची उचल म्हणजे चोरी असा निवाडा दिला. तेव्हापासून अधिकृत संग्रहात परक्या सुरांना किंमत मोजावी लागू लागली आणि मोकळी उचल मिक्सटेपच्या अर्धप्रकाशित गल्लीत सरकली. जानेवारी २००७ मध्ये तेथेही पोलीस पोहोचले. ‘डेडिकेशन’ मालिकेचा सूत्रधार डीजे ड्रामा याला अटलांटात अटक झाली, हजारो तबकड्या जप्त झाल्या. पुढे रॅपचे श्रवण पैसे मोजणाऱ्या मंचांवर गेले. तेथे प्रत्येक सुराचा मालक नोंदवावा लागतो. ज्या घाटाचा प्राण विनापरवाना उत्तर देण्यात होता, तो परवाना घेऊन कसा जगणार? विद्यापीठे आणि पुरस्कार यांनी हे नुकसान कधी मोजले नाही, कारण त्यांना एकसंध, विकत मिळणारा, एका नावाचा संग्रहच ओळखता येतो. २०१८ चे पुलित्झर केंड्रिक लमारच्या संग्रहास मिळाले ते योग्यच होते, पण ते कोणत्या प्रकारच्या वस्तूस मिळू शकते हेही त्यातून कळले.

येथे आणखी एका गैरसमजाची वासलात लावणे इष्ट. वेन कारकिर्दीच्या पहिल्या काही वर्षांनंतर कागदावर लिहीत नाही, हे त्याच्याविषयीचे ठरलेले वाक्य. त्यावरून पॅरी आणि लॉर्ड यांच्या मौखिक रचनेच्या सिद्धांताचा आधार घेऊन त्याला बाल्कन गायकांच्या पंक्तीस बसविण्याचा मोह अनेकांना होतो. पुनरावृत्ती दिसली की ‘फॉर्म्युला’ म्हणावयाचे. पण लॉर्डचा गायक श्रोत्यांसमोर, न थांबता, त्या क्षणी रचतो. ध्वनिमुद्रणकक्षात ओळ जमली नाही तर पुसून पुन्हा बोलता येते. ध्वनियंत्र हाच तेथे कागद आहे, आणि खोडरबरही. नव्या मिक्सटेपांतील ओळी एकेक करून जोडल्यासारख्या वाटतात, त्यांत कडव्याची बांधणी दिसत नाही. तो मौखिकतेचा गुण नसून लेखनातील आळस आहे.

वयाचा सिद्धांत खोटा ठरविणारे पुरावे वेननेच दिले आहेत. २०१६ मध्ये सोलांजच्या ‘मॅड’ या गाण्यात तो पाहुणा म्हणून येतो आणि बाराव्या वर्षी स्वतःवर झाडलेल्या गोळीचा विषय काढतो. कित्येक वर्षे तो प्रसंग अपघात म्हणून सांगितला गेला होता. गाणे संतापाच्या हक्काविषयीचे, एका कृष्णवर्णीय स्त्रीचे. त्या संतापाच्या शेजारी तो आपला आतल्या दिशेने वळलेला संताप ठेवतो. २०१८ च्या ‘द कार्टर ५’ मधील अखेरच्या रचनेत तोच प्रसंग विस्ताराने येतो, आणि तोही साम्फा या इंग्लिश गायकाच्या आवाजातील उसन्या ध्रुपदावर. अनिश्चिततेत सापडलेल्या माणसाने स्वतःला दिलेला तो धीर गोळी झाडून वाचलेल्या मुलाच्या तोंडी पडताच त्याचा अर्थ पालटतो. ‘जॉर्जिया... बुश’ मध्ये जे घडले होते तेच येथे घडते. खाली कोणाचा तरी आवाज आहे आणि वेन त्याला उत्तर देतो आहे. तो उत्तर देणारा कवी आहे. प्रश्न समोर नसला की तो वाचाळ होतो. ही मर्यादा २००६ मध्येही होती. तेव्हा ती घाटाने झाकली होती, एवढेच.

तेव्हा नव्या मिक्सटेपा निकृष्ट आहेत, हे निःसंदिग्धपणे म्हटले पाहिजे, आणि त्या निकृष्ट असल्याचे कारण कलावंताच्या ओसरत्या काळात शोधणे हे समीक्षेचे कर्तव्यच्युत होणे आहे, हेही. ज्या संहितांवरून हा निर्णय करावयाचा त्यांची अवस्था काय आहे, हे मात्र विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे. २००९ मध्ये फुकट वाटली गेलेली ‘नो सीलिंग्ज’ ही मिक्सटेप २०२० मध्ये अधिकृत मंचांवर आली, ती काही रचना वगळून. मूळ गाण्यांच्या मालकांची अनुज्ञा मिळाल्याखेरीज परक्या बीटीवरील रचना तेथे घेता येत नाही. आज त्या मंचावर ‘नो सीलिंग्ज’ शोधणाऱ्याला ही भोके पडलेली आवृत्तीच मूळ म्हणून मिळते. अखंड प्रत हवी असेल तर त्या अधिकृत मंचांबाहेर तिचा शोध घ्यावा लागतो.