अंगठ्याचं काय घेऊन बसलीस?

गेल्या बैठकीत घरकामगारांच्या मागण्यांच्या यादीत मी एक कलम सुचवलं. फरशी पुसायला लांब दांड्याचा पोछा द्यावा आणि भांडी उभ्याने घासायची सोय असावी. पगारवाढ, आठवड्याची सुट्टी, दिवाळीचा बोनस ही कलमं आधीच होती, त्यांच्या खाली हे. एक जुनी मैत्रीण म्हणाली, “अगं, इथे बायकांचे पगार बुडताहेत आणि तू अंगठ्याचं काय घेऊन बसलीस?” सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि कलम राहून गेलं. घरी येऊन मात्र मला माझ्याच हसण्याचा राग आला. म्हणून हे लिहिते आहे.

हो, माझा अंगठा दुखतो. उजव्या पायाचा. दोन वर्षांपूर्वी वस्तीतला एक जिना चढताना पहिली कळ आली. मग अंगठ्याच्या बुडाशी वरच्या बाजूला टणक उंचवटा आला, चपलेचा पट्टा नेमका तिथेच घासायचा. ज्या दवाखान्यात गेले तिथल्या डॉक्टरांनी पायाला हातही न लावता सांगितलं, ‘युरिक ॲसिड! डाळी बंद करा.’ मी मांस-मच्छी खात नाही. डाळ गेल्यावर ताटात उरलं काय? तरी तीन महिने सोडली. गाऊट अंगठ्यालाच धरतो हे खरं, पण तो बहुधा एका रात्रीत लालबुंद सूज घेऊन येतो, आणि पाळी चालू असलेल्या बायकांत तो कमी आढळतो. एवढा विचार करायला तरी पाय बघायला हवा होता. पुढे एका डॉक्टरीणबाईंनी पाय हातात घेतला, अंगठा वर वाकवून पाहिला. तो वाकेचना. एक्स-रे काढला. सांध्याची झीज. अंगठ्याचा संधिवात.

चालताना टाच उचलली की अंगाचा भार याच सांध्यावरून पुढे सरकतो. सांध्यातली कूर्चा झिजली की हाडं एकमेकांवर घासतात, वरच्या बाजूला जास्तीचं हाड वाढतं आणि अंगठा वर वळायचा थांबतो. मग बाई पायाची बाहेरची कड टेकवत चालते. काही दिवसांनी गुडघा आणि कंबरही कुरकुरू लागतात. झिजलेली कूर्चा परत येत नाही. दुखणं आटोक्यात ठेवता येतं. गोळ्या आहेत, सांध्यात द्यायचं इंजेक्शन आहे, वाढलेलं हाड तासून काढतात, अगदीच झालं तर स्क्रू घालून सांधा कायमचा जखडून टाकतात. पण त्याआधीचा सल्ला ठरलेला. न वाकणाऱ्या कडक तळव्याचे बूट घाला. उकिडवं बसू नका. जिने टाळा. दुखेल तेव्हा विश्रांती घ्या.

मी बूट घेतले. साडीवर ते कसे दिसतात हे वस्तीतल्या पोरांनी मला ऐकवलं, ते सोडून देऊ. कार्यालयात मला खुर्ची आहे. माझं भागलं.

आता आमच्या वस्तीतल्या एका ताईंची गोष्ट. त्या पाच घरची केर-फरशी आणि भांडी करतात. दुखणं माझंच, अंगठाही उजवाच, फक्त माझ्यापेक्षा जुनं. मी मोठ्या उत्साहाने त्यांना बुटांबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, “बूट घालीन की. पण कुठं? माझ्या चपला तर दाराबाहेर असत्यात.”

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं! एम.एस.डब्ल्यू. झालेली बाई, दहा वर्षं वस्तीत काम करणारी, आणि मला हे सुचलं नाही. दिवसभरातले सगळे कामाचे तास ताई अनवाणी असतात, गुळगुळीत ओल्या फरशीवर. चपला घालतात त्या फक्त एका दारातून दुसऱ्या दारात जाताना. त्याही रबरी, ज्या पायात टिकवायला बोटं आवळूनच धरावी लागतात. आणि फरशी पुसतात ती कशी? चवड्यावर बसून, टाचा उचललेल्या, एक हात जमिनीवर, मागे मागे सरकत. करून पाहा. अंगठ्याचा सांधा जितका वाकू शकतो तितका त्या बैठकीत वाकतो. डॉक्टर जे करू नका म्हणतात, नेमकं त्याचेच ताईंना पैसे मिळतात.

दांड्याचा पोछा त्या पाचांपैकी तीन घरांत आहे. बाल्कनीत उभा असतो. मालकीणबाई स्वतः पुसतात तेव्हा तो वापरतात. बाईने मात्र खाली बसूनच पुसायचं, कारण ‘दांड्याने कोपरे निघत नाहीत’. स्वयंपाकघरात सिंक आहे, पण खरकटी भांडी मागच्या ड्राय बाल्कनीत काढून ठेवलेली असतात आणि तिथे नळ जमिनीपासून वीतभर वर. कोपऱ्यांचा हा सगळा प्रश्न मला खरा वाटत नाही. आपल्या घरात दुसरी बाई आपल्या पायाशी, खाली बसलेली दिसावी, ही जातीतून आलेली सवय आहे. स्वच्छतेचं नाव तिला सोयीचं पडतं. काही इमारतींत मोलकरणींना नेहमीची लिफ्ट बंद असते. जिने टाळा म्हणे!

कामामुळेच हा आजार होतो असं मी म्हणत नाही. पायाची ठेवण, जुनी इजा, आईकडून आलेली प्रकृती, कारणं अनेक आहेत, आणि कधी कारण सापडतही नाही. पण सांधा धरल्यावर तो कुणाचा किती दुखणार, हे कामाची बैठक ठरवते. माझा आणि ताईंचा एक्स-रे शेजारी ठेवला तर कुणाचा कुठला ते चटकन ओळखू येणार नाही. चाल मात्र लांबून ओळखू येते.

घरातली फुकटची फरशी तरी कोण पुसतं? सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी 289 मिनिटं त्यात जातात, ते करणाऱ्या पुरुषांची 88. मिनिटं मोजली गेली हे चांगलंच झालं. त्यांतली किती चवड्यावर गेली, ते कुणी विचारलेलं नाही.

कायद्याचं म्हणाल तर घरेलू कामगार कल्याण मंडळाचा महाराष्ट्राचा कायदा 2008 चा. नोंदणी झालेल्या बाईला काही मदत मिळू शकते, पण काम उभ्याने की बसून हे त्या घराची मर्जी ठरवते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2011 चा घरकामगारांसाठीचा 189 क्रमांकाचा करार कामाची जागा सुरक्षित आणि आरोग्याला धार्जिणी असावी म्हणतो. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. 2016 च्या अपंगांच्या कायद्यात 21 प्रकार आहेत, पण सवलतींसाठी बहुतेक ठिकाणी 40 टक्क्यांचा दाखला लागतो. एका अंगठ्याला इतके टक्के कोण देणार? आणि ताईंना दाखला नकोच आहे. त्यांना पोछा हवा आहे.

1980 साली पुण्यात मोलकरणींनी संप केला तेव्हाही ‘यांना कसला संप’ म्हणून लोक हसलेच असतील. आपण त्या हसणाऱ्यांत कधी जाऊन बसलो?

बसण्यावरून आठवलं. आपल्या बैठका सतरंजीवर होतात. समतेचं प्रतीक म्हणून आपल्याला त्याचा अभिमान आहे. पण खुर्च्या चार असतात, आणि त्या पाहुण्यांना. दिवसभर चवड्यावर काम करून आलेली बाई आपण पुन्हा तीन तास जमिनीवर बसवतो आणि उठताना ती भिंतीचा आधार शोधते तेव्हा पत्रकं गोळा करण्यात गुंतलेल्या असतो. मोर्चाचा मार्ग आखताना किती अंतर आहे हे पाहतो, पाय कुणाचे आहेत हे पाहत नाही.

पुढच्या बैठकीत ते कलम मी पुन्हा मांडणार आहे, आणि या वेळी ताई माझ्याबरोबर असतील. त्या स्वतः बोलणार आहेत. त्यांनी एकच अट घातली आहे, बोलताना बसायला खुर्ची पाहिजे. सभागृहाच्या मागच्या खोलीत वीस घडीच्या खुर्च्या आहेत, किल्ली रखवालदाराकडे असते. ज्या आधी पोचतील त्यांनी त्या काढून ठेवाव्यात.