जोड तोलामोलाची हवी

चौसाळ्याच्या माळावर मॉडेल विमानांची स्पर्धा ठेवायची म्हटले तर जागेचे फार अडणार नाही. धुळे–सोलापूर महामार्गावरचे गाव. बीडहून काय, धाराशिवहून काय, येणे सोयीचे. रब्बीची ज्वारी निघाली की रानेही मोकळी. बालाघाटावरच्या पवनचक्क्या आणि विजेच्या तारा यांपासून लांब राहिले म्हणजे झाले. घोडे अडते ते पत्रक काढताना : कोणी कोणासमोर उडवायचे?

गट पाडताना आपण विमानाकडे तरी बघतो, नाहीतर वयाकडे. फोम, बाल्सा, इलेक्ट्रिक, इंजिन. किंवा शाळा, कॉलेज, खुला. ड्रोन नियम, २०२१ वजन बघतात : २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल. सुरक्षेसाठी ते योग्यच. पण ट्रान्समीटर धरणारा हात किती तयार आहे, हे वजनकाटा सांगत नाही. मग ट्रेनर विमानावर नुकता एकट्याने उतरू लागलेला मुलगा खुल्या गटात मुरलेल्या माणसासमोर उभा राहतो आणि पुढच्या वर्षी फिरकत नाही.

जत्रेतल्या कुस्तीच्या पंचांना हे कोणी शिकवावे लागत नाही. रेवड्यांच्या कुस्तीपासून शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत ते जोड बघून लावतात.

अमेरिकेत कंट्रोल लाइन स्टंटसाठी ‘पाम्पा’ या संघटनेचे चार गट आहेत : बिगिनर, इंटरमीजिएट, अ‍ॅडव्हान्स्ड, एक्सपर्ट. रेडिओ कंट्रोलच्या स्केल एरोबॅटिक्समध्ये बेसिकपासून अनलिमिटेडपर्यंत पाच. या दुसऱ्या प्रकारात पायरी चढली की उडवायच्या कसरतीही बदलतात. आपण मात्र सगळ्यांना एकच कार्यक्रम देऊन निकाल तेवढे वेगळे लावले, तर गट पाडून उपयोग काय?

तरीही पाच गटांची नक्कल आपल्याला नको. आठ जण आले आणि पाच गट केले, तर करंडक वाटण्यापलीकडे काही उरत नाही. (प्रमुख पाहुण्यांना करंडकांचे टेबल फार आवडते, ही गोष्ट वेगळी.) आमच्या मते दोन गट पुरेत : नवखा आणि सराईत. चारपेक्षा कमी स्पर्धक असतील तर तो गट भरवू नये. नवख्यांना टेकऑफ, सरळ जाऊन येणे, आडवा आठ, एक लूप आणि नीट लँडिंग; सराईतांना उलटे उड्डाण, स्टॉल टर्न, चार टप्प्यांचा रोल.

सर्वांत महत्त्वाचे कलम बढतीचे. नवख्यात पहिला आला, तो पुढच्या वेळी सराईतातच उडवेल, हे पत्रकात छापावे. ‘अजून हात बसला नाही’ म्हणत वर्षानुवर्षे खालच्याच गटात जिंकणारे सर्वांना माहीत असतात. भिडेपोटी कोणी बोलत नाही. छापील कलमाला भीड नसते.

करंडक एकच असावा, फिरता, सराईत गटाचा, विजेत्यांची नावे कोरलेला. चार्ल्स वेकफिल्ड यांनी १९२८ मध्ये रबरावर उडणाऱ्या मॉडेलांसाठी चषक दिला. त्या वर्गाचे अधिकृत नाव आज एफ१बी असले तरी उडवणारे त्याला वेकफिल्डच म्हणतात. इतका मान एकाच चषकाला मिळतो, डझनभरांना नाही. नवख्या विजेत्याला बाल्साच्या फळ्या, सर्वो किंवा बॅटरी द्यावी. पुढच्या विमानाला लागेल. आणि गुणपत्रिका प्रत्येकाला त्याच संध्याकाळी हातात मिळावी, कोणत्या कसरतीला किती गुण गेले ते लिहून.