आधी कीर्द, मग खतावणी

घरातील मुलगा किंवा मुलगी संगणक अभियंता झाली, की ‘हे नेमके काय काम करतात?’ असा प्रश्न वडीलधाऱ्यांना पडतो. या क्षेत्राच्या एका शाखेचे मर्म मात्र पेढीवर बसणाऱ्यास सहज उमगावे. यंत्रणा सुरक्षित राखणे आणि ती कोलमडलीच तर हिशेब न बिघडता पुन्हा उभी करणे, हे त्या शाखेचे कार्य. अमेरिकेतील जिम ग्रे यांनी आपली कारकीर्द तिलाच वाहिली.

बर्कली येथे १९६९ मध्ये डॉक्टरेट मिळवल्यानंतर आयबीएममध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह एक मूलभूत प्रश्न हाती घेतला. एका खात्यात रक्कम नावे पडली आणि दुसऱ्या खात्यात जमा होण्यापूर्वीच यंत्र बंद पडले, तर काय? व्यवहार एकतर पूर्ण व्हावा, नाहीतर मुळीच होऊ नये, हे त्याचे उत्तर. त्यासाठी प्रत्येक बदल आधी स्वतंत्र नोंदवहीत पक्का करावयाचा. यंत्र पुन्हा सुरू झाले, की ती वही वाचून पुरे झालेले व्यवहार कायम ठेवावयाचे आणि अर्धवट राहिलेले रद्द करावयाचे. आधी कीर्द, मग खतावणी, हा आपल्या पेढ्यांचा शिरस्ता याहून फार निराळा नाही.

पुढे टँडेम कंपनीत असताना, संगणक का बंद पडतात, याचा त्यांनी १९८५ मध्ये शोध घेतला. यंत्रातील बिघाडाचा वाटा १८ टक्के निघाला. चालवणे, जोडणी व देखभाल या माणसाच्या हातच्या कामांचा सुमारे ४२ टक्के! म्हणून माणसाकडे कामे थोडी आणि सोपी ठेवावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

१९९८ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना लाभला. जानेवारी २००७ मध्ये आईच्या अस्थी विसर्जित करण्यासाठी ते एकटेच नौका घेऊन समुद्रात गेले, ते परतले नाहीत. आज आपण निर्धास्तपणे पैसे पाठवतो, त्यामागे त्यांची विचारशिस्त आहे.

या कामात यश दिसत नाही. काही बिघडले नाही, त्या दिवसाचे कौतुक कोण करणार? तरीही ज्यांना चोख हिशेबाची आवड आहे, अशा तरुणांनी ही वाट अवश्य धरावी. आणि दुकानाच्या हिशेबाची प्रत रोज काढणाऱ्यांनी तेवढ्यावर थांबू नये. त्या प्रतीवरून सारा हिशेब पुन्हा उभा राहतो का, हे वर्षातून एकदा तरी पडताळून पाहावे.