सिकलसेल : दोष रक्ताचा की व्यवस्थेचा?

आदिवासींच्या अनारोग्याचे कारण त्यांच्या रक्तातच आहे, असे म्हणून मोकळे होण्याची मोठी सोय सिकलसेल या विकाराने शासनाला आणि शहरी मध्यमवर्गाला करून दिली आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे या आजाराच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करावयाची आणि २०४७ पर्यंत आजाराचे निर्मूलन साधावयाचे, असा त्याचा संकल्प आहे. तपासणीला विरोध करण्याचे काहीच कारण नाही. ती पूर्वीच व्हावयास हवी होती. परंतु तपासणीच्या मागे उभा असलेला विचार तपासून घेणे हेही कार्यकर्त्यांचे काम आहे.

हा आजार आनुवंशिक आहे, याविषयी वाद नाही. हिमोग्लोबिनच्या एका साखळीतील एकच घटक बदलतो आणि प्राणवायू कमी पडताच लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणी चारात एक या प्रमाणात मूल पीडित होण्याचा संभव असतो. पण मुळात हा दोष मानवी रक्तात टिकून कसा राहिला? जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये थॅलॅसेमियासंबंधी तर्क मांडला, की मलेरियाग्रस्त प्रदेशात असा दोष वाहकाला संरक्षण देत असावा. (हे हाल्डेन मार्क्सवादी होते, १९५७ मध्ये ते भारतात आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.) सिकलसेलच्या बाबतीत अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून तेच दाखवून दिले. म्हणजे हे जनुक म्हणजे कोणत्याही जमातीच्या हीनत्वाची खूण नव्हे. डासांच्या प्रदेशात पिढ्यान् पिढ्या राहावे लागल्याची ती नोंद आहे. म्हणूनच ते आफ्रिकेत, अरबस्तानात आणि ग्रीसमध्ये आढळते, आणि पूर्व विदर्भात आदिवासींबरोबर अनुसूचित जातींतही आढळते.

जनुक जन्माला चिकटते हे खरे; पण दुखणे केव्हा आणि किती उसळेल हे बव्हंशी भोवतालावर अवलंबून असते. शरीरातील पाणी कमी होणे, थंडी, अतिश्रम आणि जंतुसंसर्ग या कारणांनी पेशी वाकतात, रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडे फोडून काढावीत अशा वेदना सुरू होतात. शिवाय या रुग्णांची मूत्रपिंडे पाणी धरून ठेवू शकत नाहीत, त्यामुळे त्यांना इतरांहून अधिक पाणी लागते. आता सातपुड्यातून दक्षिण गुजरातच्या ऊसफडांवर जाणाऱ्या भिल्ल-पावरा मजुराचा विचार करावा. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेऊन संपलेली असते. मजुरी टनावर, म्हणजे पाणी पिण्यास थांबणे हेही नुकसानीचे. रात्री प्लॅस्टिकच्या पालात, उघड्या रानातील गारठ्यात झोपावयाचे. वैद्यकाच्या ग्रंथात 'टाळावे' म्हणून जे जे सांगितले आहे, ते सर्व या रोजगाराच्या अटींतच समाविष्ट आहे. अशा मजुराला झटका आला तर त्याचे कारण जनुक की टनाचा दर? दोहोंचा गुणाकार, असे उत्तर द्यावे लागेल. आणि गुणाकारातील एक संख्या बदलणे मनुष्याच्या हातात आहे.

ती बदलली तर काय घडते हे जमैकाने दाखवले. किंग्स्टनच्या एका प्रसूतिगृहात १९७३ ते १९८१ या काळात एक लाख नवजात बालके तपासण्यात आली. पीडित मुलांच्या मातांना प्लीहा हाताने चाचपून पाहण्यास शिकवले गेले. ती एकाएकी वाढली की मूल तातडीने रुग्णालयात आणावयाचे. एवढ्या साध्या शिक्षणाने प्लीहेत रक्त साठून होणारे मृत्यू झपाट्याने घटले. १९८६ मध्ये अमेरिकेतील प्रयोगाने सिद्ध केले, की लहानपणी नियमित पेनिसिलिन दिल्यास घातक जंतुसंसर्ग बहुतांशी टळतात. जनुक तेच राहिले, मुले मात्र जगली.

याच्या उलट टोकाला बाजार आहे. २०२३ अखेरीस ब्रिटन-अमेरिकेत जनुकातच दुरुस्ती करणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली. विज्ञान म्हणून ते थोरच. पण अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर ठेवण्यात आली. नंदुरबारला हवी आहे ती हायड्रॉक्सियुरियाची स्वस्त गोळी, ती घेताना करावयाची रक्ततपासणी आणि मलेरियापासून बचाव.

आपल्याकडे भर आहे तो कार्डावर. पत्रिका जुळवावी तशी वधूवरांची कार्डे जुळवावीत, असा उपदेश केला जातो. दोन वाहकांना धोक्याची कल्पना देणे योग्यच आहे, पण निर्णय त्यांचा असला पाहिजे. गावात हे कार्ड सर्वप्रथम मुलीच्या विरोधात वापरले जाईल, हे सांगण्यास ज्योतिषी नको. अमेरिकेचा अनुभव फार बोलका आहे. १९६८ मध्ये लायनस पॉलिंग यांच्यासारख्या नोबेलविजेत्याने वाहकांच्या कपाळी गोंदण्याची सूचना केली होती. पुढे सत्तरीच्या दशकात सक्तीच्या तपासण्यांचे कायदे झाले आणि निरोगी वाहकांनाही नोकऱ्या व विमा नाकारला गेला. तेथील हवाई दलाच्या प्रबोधिनीची दारे वाहकांना १९८१ पर्यंत बंद होती.

२०१६ च्या अपंग हक्क कायद्याने सिकलसेलला अपंगत्वात गणले आहे. तेव्हा किती कार्डे वाटली एवढ्यावर कोणत्याही जिल्ह्याचा आढावा थांबू देता कामा नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या वर्षातील किती दिवस शिल्लक होत्या, किती पीडितांना अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले, गावातच तपासणीची सोय नवजात बालकांसाठी आहे काय, आणि फडावर सावली व पिण्याचे पाणी पुरवण्याची जबाबदारी कारखाना घेणार की मुकादमावर ढकलणार, हे प्रश्न ग्रामसभेपासून जिल्हा परिषदेपर्यंत लेखी विचारले गेले पाहिजेत. आणि तेही टोळ्या गाव सोडण्यापूर्वी.